फिशटँकमध्ये स्टेम प्लांटची लावणी: काडी तळात कशी बसवावी आणि कशी रुजवावी

दुकानातून आणलेली रोटाला किंवा हायग्रोफिला या पाणवनस्पतींची जुडी संध्याकाळी टाकीत खोचावी आणि सकाळी तिच्यातील निम्म्या काड्या पाण्यावर तरंगताना दिसाव्यात, हा अनुभव नव्याने फिशटँक मांडणाऱ्या बहुतेकांना येतो. त्यावर पहिल्यांदा सुचतो तो वजनाचा उपाय: काड्यांना शिशाची पट्टी आवळायची, दगड बांधायचा किंवा सगळी जुडी एकत्रच वाळूत खोलवर दाबायची. जुडी त्याने खाली राहते, पण काही दिवसांतच दाबलेल्या जागी खोड काळे पडते, कुजते आणि वरचा हिरवा शेंडा पुन्हा तरंगू लागतो. याचे कारण असे की मुळात प्रश्न वजनाचा नसतो. विकत आणलेल्या काडीला बहुधा मुळे नसतात किंवा असलेली मुळे निरुपयोगी झालेली असतात. तिला नवी मुळे फुटेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस, खोडाला कोठेही इजा न होऊ देता, एका जागी स्थिर ठेवणे एवढेच आपले काम असते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीसाठी आहेत.

स्टेम प्लांट म्हणजे ज्यांचे खोड सरळ उभे वाढते आणि ज्यांच्या खोडावर ठरावीक अंतराने पेरे असतात अशा पाणवनस्पती. पाने पेरांवरच येतात, फांद्या पेरांतूनच फुटतात आणि मुळेही पेरांतूनच निघतात. उसाची टिपरी जमिनीत पुरली की पेराजवळ मुळे सुटतात, तसेच येथे घडते. म्हणून वाळूखाली किती सेंटिमीटर खोड गेले यापेक्षा किती पेरे गेली हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. या वनस्पतींच्या खोडात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे खोड पाण्यात ताठ उभे राहते आणि त्यांच्यामुळेच न रुजलेली काडी वर उसळते. अनुबियास आणि जावा फर्न या वनस्पतींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. त्यांचे आडवे, जाड खोड वाळूत पुरले तर कुजते, त्यामुळे येथे सांगितलेली पद्धत त्यांना लागू करू नये.

कोणती रोपे घ्यावीत

पहिल्या लावणीसाठी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, वॉटर विस्टेरिया या नावाने मिळणारी हायग्रोफिला डिफॉर्मिस, रोटाला रोटुंडिफोलिया, अंबुलिया आणि लुडविजिया रेपेन्स ही रोपे घ्यावीत. साध्या एलईडी दिव्याखाली, वेगळा कार्बन डायऑक्साइड न देताही ती वाढतात. यांपैकी दोन्ही हायग्रोफिला भारतीय उपखंडातीलच आहेत. ब्राह्मी म्हणून आपण ओळखतो ती बकोपा मोनिएरीसुद्धा पाण्याखाली चांगली राहते. ती सावकाश वाढते, परंतु तिचे खोड जाडसर व टणक असल्यामुळे नवशिक्याच्या हातून सहसा मोडत नाही. लालभडक रोटाला मॅक्रॅन्ड्राचा मोह मात्र पहिल्या टाकीत आवरावा, कारण तिला तीव्र प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही लागतात आणि तिचे खोड चिमट्याच्या जराशा दाबानेही चेपते.

दुकानात जुडी उचलून तिचा खालचा भाग पाहावा. शिशाच्या पट्टीखालचे खोड काळे, बुळबुळीत किंवा पारदर्शक झालेले असेल तर ती जुडी घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. अशा दिवसांत रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी हवा भरून आणावीत आणि दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नयेत. उष्णतेने मलूल झालेली काडी पाण्यात टाकल्यावर ताजी झाल्यासारखी दिसली तरी आतून खचलेली असते.

आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी, म्हणजे नंतर घाबरायला होत नाही. रोपवाटिकांत यांतील बरीच रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. हवेत वाढलेली रोटाला रोटुंडिफोलियाची पाने गोलसर असतात, तर पाण्याखाली येणारी नवी पाने लांबट व अरुंद असतात; वॉटर विस्टेरियाचे हवेतील पान साधे, दातेरी कडांचे असते आणि पाण्याखालचे पान कोथिंबिरीपेक्षाही खोल चिरलेले येते. जुनी पाने पाण्यात टिकत नाहीत, ती पिवळी पडून विरघळतात. शेंड्याकडे नवी पाने येत असतील तर रोप जगले आहे असे समजावे.

तळ

काडी टिकून राहण्यासाठी तळाचा थर पुरेसा जाड आणि योग्य कणांचा असावा लागतो. नवशिक्यांच्या टाकीत सर्वांत जास्त वेळा आढळणारी अडचण हीच आहे: सुपारीएवढ्या रंगीत खड्यांचा दोन बोटे थर. अशा खड्यांमधील फटी इतक्या मोठ्या असतात की काडीला चारही बाजूंनी पकड मिळतच नाही. कण १ ते ३ मिलिमीटरचे असावेत. थर पुढच्या काचेकडे ५ सेंटिमीटर आणि मागच्या काचेकडे, जेथे उंच वाढणारी रोपे लावायची असतात तेथे, ८ ते ९ सेंटिमीटर ठेवावा. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीला सरासरी ७ सेंटिमीटरच्या थरासाठी साधारण २० किलो वाळू लागते. टाकीच्या स्टँडची निवड करताना हे वजन पाण्याच्या वजनात मिळवून धरावे.

पुण्यात बांधकामासाठी हल्ली नदीच्या वाळूऐवजी बहुतेक ठिकाणी दगडखाणीतील क्रश सँड वापरतात, आणि ती सहज मिळते म्हणून फिशटँकसाठीही आणली जाते. ती वापरता येते, मात्र तिच्यातील दगडाची भुकटी निघून जाईपर्यंत, म्हणजे बादलीतील पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, ती पुनःपुन्हा धुवावी लागते आणि नंतर चाळणीने अगदी बारीक कण काढून टाकावे लागतात. नाहीतर तळ सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड पाण्यात फारसे काही सोडत नाही. तरीही या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाबरोबर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतील खनिजाचे, स्फटिकही सापडतात. वाघोलीच्या खाणी तर निळ्या कॅव्हन्साइटसह अशा खनिजांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. कॅल्साइट हळूहळू विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, करते. म्हणून धुतलेली मूठभर वाळू वाटीत घेऊन तिच्यावर पांढरे व्हिनेगर ओतावे. बुडबुडे फसफसून आले तर ती वाळू रोपांच्या टाकीत घालू नये. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले याच कारणाने टाळावेत.

तयार ॲक्वासॉइल, म्हणजे टाकीतील रोपांसाठी बनवलेली गोळ्यांच्या रूपातील माती, वापरणार असाल तर ते धुवायचे नाही, धुतल्यास त्याच्या गोळ्या फुटतात. ते वाळूपेक्षा हलके असल्यामुळे त्यात काडी जरा अधिक खोल, ५ ते ६ सेंटिमीटर लावावी.

जुडी सोडवणे आणि काडी तयार करणे

जुडीची शिशाची पट्टी किंवा रबरबँड सर्वप्रथम काढावा. रोप जाळीच्या छोट्या कुंडीत असेल तर कुंडी कापून काढावी आणि मुळांभोवतीचा रॉकवूल, म्हणजे कापसासारखा दिसणारा खनिज धागा, बादलीतील पाण्याखाली चिमट्याने हळूहळू सोडवावा. त्याचे तुकडे टाकीत गेले तर ते तळातून वर येत राहतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. त्यानंतर काड्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात. गोगलगाईंची जेलीसारखी अंडी पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेली असतात, ती अंगठ्याने पुसून काढावीत. काही जण पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात रोपे दहा मिनिटे बुडवतात. हा उपाय चांगला आहे, परंतु पाण्याचा रंग जांभळा होईल इतके औषध टाकू नये आणि बुडवल्यावर रोपे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावीत.

आता एकेक काडी हातात घ्यावी. काडीची लांबी १० ते १२ सेंटिमीटर पुरते. खालच्या टोकाकडचा चेपलेला, काळवंडलेला भाग धारदार कात्रीने पूर्ण काढावा, आणि शेवटचा काप एखाद्या पेराच्या अर्धा सेंटिमीटर खाली द्यावा. बोथट कात्रीने खोड कापले जाण्याऐवजी चिरडले जाते आणि कुज तेथूनच सुरू होते, म्हणून स्वयंपाकघरातील जुनी कात्री वापरू नये.

नंतर खालच्या दोन ते तीन पेरांवरील पाने काढायची. येथे एक बारीक युक्ती आहे. पान ओढून तोडू नये, कारण त्याबरोबर खोडाची साल निघते; ते कात्रीने कापावे, आणि कापताना देठाचे चार-पाच मिलिमीटरचे खुंट खोडावरच ठेवावेत. हे खुंट वरच्या दिशेला तिरके उभे असतात. काडी वाळूत जाताना ते खोडाला चिकटून मिटतात आणि काडी वर येऊ लागली की उघडून वाळूत अडकतात. ज्यांच्या काड्या दर वेळी तरंगून वर येतात त्यांनी फक्त एवढे करून पाहावे. बहुतेकदा दुसरा कोणताही उपाय लागत नाही. अंबुलियाची पाने फार मऊ असल्याने तिच्यावर खुंट टिकत नाहीत, तिच्या बाबतीत खोलीवरच भर द्यावा.

लावणी

लावणीसाठी २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा, बारीक टोकाचा स्टेनलेस स्टीलचा चिमटा घ्यावा. ॲक्वेरियमच्या दुकानात तो मिळतोच, सर्जिकल साहित्याच्या दुकानातील लांब फोर्सेपही चालतो. बोटांनी लावणी करता येत नाही असे नाही, पण बोट जाडजूड असल्यामुळे ते तळात मोठा खड्डा पाडते आणि बाहेर येताना काडीलाही वर आणते.

टाकी नवी असेल तर पाणी पूर्ण भरण्याआधी लावणी करावी. तळावर १० ते १२ सेंटिमीटर पाणी ठेवले की पाने पाण्यात आधार घेऊन उभी राहतात आणि आपल्याला लावलेली जागा स्पष्ट दिसते. पाण्याबाहेर राहिलेल्या शेंड्यांवर अधूनमधून फवारा मारावा.

काडीचे खालचे टोक चिमट्याच्या टोकांत धरावे, आणि ते अशा रीतीने की चिमटा व खोड जवळजवळ एका रेषेत येतील. पकड काडी निसटणार नाही इतपतच असावी. चिमटा तळाशी साधारण ४५ अंशांचा कोन करून तिरका आत घालावा आणि ४ ते ५ सेंटिमीटर खोल न्यावा, म्हणजे पाने काढलेली सर्व पेरे वाळूखाली जातात. मग घाई न करता चिमट्याची टोके केवळ एक-दोन मिलिमीटर उघडावीत, चिमटा जागच्या जागी हलकेच डावी-उजवीकडे हलवावा म्हणजे बाजूची वाळू आत ढासळून खोडाभोवती बसते, आणि ज्या तिरप्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने सावकाश बाहेर काढावा. चिमटा फार रुंद उघडला किंवा सरळ वर उचलला की काडी त्याच्याबरोबर येते. काडी सुरुवातीला तिरकी दिसते, पण शेंडा प्रकाशाकडे वळून दोन-तीन दिवसांत ती आपोआप सरळ होते. तिरकी लावलेली काडी उभ्या लावलेल्या काडीपेक्षा घट्ट बसते, कारण तिच्यावर वाळूचा अधिक भार येतो.

एका खड्ड्यात एकच काडी लावावी. पाच-सहा काड्या एकत्र खोचल्या तर टाकी त्या दिवशी भरगच्च दिसते, पण मधल्या काड्यांच्या खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही, ती गळतात आणि त्यांच्या कुजण्याने शेजारच्या काड्याही बिघडतात. दोन काड्यांमध्ये २ ते ३ सेंटिमीटर अंतर ठेवावे; वॉटर विस्टेरियासारख्या पसरट रोपाला ते दुप्पट करावे. ओळी एकमेकींच्या मागे सरळ न लावता मागच्या ओळीतील काडी पुढच्या दोन काड्यांच्या फटीत येईल अशी लावावी. मागच्या काचेपासून चार बोटे जागा मोकळी सोडली तर तेथे पाणी फिरत राहते आणि पुढे छाटणीच्या वेळी हातही जातो.

लावणी झाल्यावर तळावर प्लॅस्टिकची पिशवी किंवा उथळ ताटली ठेवून तिच्यावर पाणी बारीक धारेने सोडावे. मगाने वरून पाणी ओतले तर तासाभराची मेहनत एका मिनिटात उपटून येते.

तरीही काड्या वर येत असतील तर

प्रथम कारण शोधावे. फिल्टरच्या पाण्याचा झोत थेट रोपांवर येत असेल तर त्याचे तोंड काचेकडे वळवावे. टाकीत गोल्डफिश किंवा मोठे सिक्लिड असतील तर ते वाळू उकरतात आणि कोवळी पाने खातात. त्यांच्याबरोबर स्टेम प्लांट सहसा टिकत नाहीत. गप्पी, मॉली, टेट्रा यांचा असा त्रास नसतो.

हलक्या थरात सिरॅमिक रिंग फार उपयोगी पडते. फिल्टरमध्ये वापरतात तीच पोकळ रिंग घेऊन तिच्यातून दोन-तीन काड्या सैलसर ओवाव्यात, हवे तर रिंगेत स्पंजचा छोटा तुकडा घालून त्या अडकवाव्यात आणि सगळी रिंग वाळूखाली पुरावी. रिंग खोडाला आवळत नाही आणि मुळे तिच्या पोकळीतून बाहेर पडतात. काडीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी बोराएवढे गुळगुळीत दगड टेकवून ठेवणे हाही साधा आणि चांगला उपाय आहे. रोप रुजल्यावर ते उचलून घ्यावेत. शिशाची पट्टी वापरायचीच असेल तर खोडाभोवती आधी स्पंज गुंडाळून पट्टी त्याच्यावर सैल वळवावी. तांब्याची तार मात्र कधीही वापरू नये, कारण तांबे कोळंबी आणि गोगलगाईंना विषारी असते. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा खिळेही टाकीत जाऊ देऊ नयेत.

हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीला मुळे फुटतच नाहीत. तिची काडी वाळूत पुरली तर पुरलेला भाग कुजतो, म्हणून तिला तरंगत ठेवावे किंवा दगडाच्या फटीत सैल अडकवावे.

पाणी आणि पहिले पंधरा दिवस

महापालिकेच्या नळाला येणारे खडकवासल्याचे पाणी बोअरवेलच्या पाण्याच्या तुलनेत सौम्य असते आणि या रोपांना मानवते. त्यातील क्लोरीन घालवण्यासाठी बाजारातील अँटिक्लोरीन वापरावे किंवा पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. ज्या उपनगरांत सोसायटीला बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिळते तेथे ते बहुधा जड असते. नळाच्या तोटीवर आणि गीझरमध्ये पांढरा थर साचत असेल तर आपले पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यात हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया आणि ब्राह्मी चांगल्या वाढतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. पाण्याचे तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मे महिन्यात ते त्याच्या वर जाऊ लागले तर टाकीचे झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. त्यामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, फक्त आटलेले पाणी रोज भरावे लागते.

दिवा पहिले दोन आठवडे रोज सहाच तास लावावा. मुळे नसलेली रोपे जास्त प्रकाशाचा उपयोग करू शकत नाहीत आणि त्याचा फायदा शेवाळ घेते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्यातून एकदा पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे. विरघळलेली पाने रोज चिमट्याने उचलावीत. खताची घाई करू नये. नवी पाने दिसू लागल्यावर द्रवखत सुचवलेल्या मात्रेच्या निम्मे द्यावे.

या काळात काडी रुजली का हे पाहण्यासाठी ती ओढून बघू नये. सुटू लागलेली मुळे केसासारखी बारीक असतात आणि एका ओढीत तुटतात. पुढच्या काचेलगत एखादी काडी लावून ठेवली तर वाळूच्या थरात उतरणारी पांढरी मुळे काचेतून दिसतात, आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचाही अंदाज येतो. वाळूच्या वर, पाण्यातल्या पेरांतूनही पांढरे धागे लोंबू लागतात. तीही मुळेच असतात, ती काढू नयेत.

पहिली छाटणी

शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकू लागले की छाटणीची वेळ झाली. काडी मध्यावर, पेराच्या जरा वर कापावी. उरलेल्या बुंध्याच्या वरच्या पेरातून बहुधा दोन फुटवे येतात, आणि कापलेला १० ते १२ सेंटिमीटरचा शेंडा खालची पाने काढून वर सांगितल्याप्रमाणेच शेजारी लावता येतो. घरच्या पाण्यात वाढलेला हा शेंडा दुकानातून आणलेल्या काडीपेक्षा लवकर रुजतो आणि त्याची पानेही विरघळत नाहीत. दोन-तीन छाटण्यांनंतर जुने बुंधे खरबरीत व पानगळीचे दिसू लागतात. तेव्हा ते काढून त्या जागी शेंडेच लावावेत. बुंधा उपटताना मुळांसह बरीच घाण वर येते, म्हणून तो मुळाशी कापावा किंवा अगदी सावकाश ओढावा आणि त्याच दिवशी पाणी बदलावे.

उरलेल्या छाटण्या मुठा नदीत, पाषाणच्या तलावात किंवा कात्रजच्या तलावात टाकू नयेत. या रोपांचा एवढासा तुकडाही पेरातून रुजतो; आपल्या उपखंडातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत अशीच माजली आणि तेथे ती उपद्रवी तण ठरली. छाटण्या गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतील मातीत मिसळाव्यात, किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नव्याने टाकी मांडणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्याव्यात आणि देताना खालच्या पेरांवरचे देठाचे खुंट तसेच ठेवायला सांगावे.